सासूबाईंची समुद्रापारची लेक

सासूबाई मला कधी ओरडून बोलल्या नाहीत. त्यांचं सगळं हळू आवाजात चालायचं. लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हा चौथ्या महिन्यात माझा गर्भपात झाला. दवाखान्यातून विश्रांतवाडीच्या घरी आले, तर त्यांनीच दार उघडलं. माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाल्या, "एक तरी गोष्ट पूर्ण करत जा गं." मग आत जाऊन त्यांनी कुकर लावला. पुढे मला मूल झालं नाही. त्याबद्दल त्या कधी काही बोलल्या नाहीत. पहिलं वाक्य पुरेसं होतं.

अशी लग्नाला बावीस वर्षं झाली. मग नवऱ्याच्या मनात आलं, आईला एकदा तरी परदेश दाखवू. श्रीलंका जवळची, जेवणही झेपेल असं. दक्षिण किनाऱ्यावरच्या एका लहान गावात एका जोडप्याच्या घरातल्या वरच्या दोन खोल्या आम्ही नऊ दिवसांसाठी घेतल्या. तो रिक्षा चालवायचा. ती तिशीची, सातवा महिना लागलेला. बुकिंग मी केलं होतं, म्हणून तिचा नंबर माझ्या फोनमध्ये होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालून कुणीतरी हसत असल्याचं ऐकू आलं. खाली उतरले तर सासूबाई तिच्या स्वयंपाकघरात खवणीवर बसून नारळ खोवत होत्या आणि मोठ्यानं हसत होत्या. मला तो आवाज ओळखू आला नव्हता. ती शेजारी पीठ मळत होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. खाणाखुणा आणि शाळेतलं मोडकं इंग्रजी यावर त्यांचं व्यवस्थित चाललं होतं. पुण्याला माझ्या स्वयंपाकघरात सासूबाई येत त्या तपासणीला.

"इकडे मुलीला काय म्हणतात माहितीये?" त्या जेवताना मला म्हणाल्या. "दुवा. किती गोड शब्द आहे. ती मला अम्मा म्हणते, मी तिला दुवा."

"छान," मी म्हणाले.

"मनापासून म्हणते गं. ऐकूनच कळतं."

मी बावीस वर्षं त्यांना आई म्हणत होते.

नवरा लॅपटॉप उघडून बसायचा, मी किनाऱ्यावर जायचे. परत यायचे तेव्हा या दोघी व्हरांड्यात असायच्या. एकदा त्या तिच्या केसांना तेल लावत होत्या. एकदा तिचे सुजलेले पाय मांडीवर घेऊन दाबत होत्या. मी चपला काढून बाजूनं वर गेले. सासूबाईंना खरंच हे जमत होतं. इतकी वर्षं मी समजत होते की त्यांना येतच नाही.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी तिची ओटी भरली. बॅगेतून साडी काढली ती मी दिवाळीला लक्ष्मी रोडवरून त्यांच्यासाठी आणलेली नारायणपेठी. तिची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. ती पोरगी रडायला लागली, सासूबाईंनी तिला जवळ घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "फोटो काढ. डोकी कापू नकोस."

मी फोटो काढला. डोकी कापली नाहीत.

पुण्याला आल्यावर तिचे मेसेज माझ्या फोनवर यायला लागले. सासूबाईंचा फोन साधा, बटणांचा. पहिले दोन निरोप मी त्यांना वाचून दाखवले. त्या खुर्ची जवळ ओढून बसायच्या, परत वाच म्हणायच्या. तिसरा आला त्या दिवशी पाहुण्यांसमोर त्यांनी माझ्या आमटीचं कौतुक केलं होतं, "आज चुकून जमलीये." मी तो मेसेज पुसून टाकला. फार सोपं गेलं.

"तिचा काही निरोप?" त्या दुसऱ्या दिवशी म्हणाल्या.

"नाही."

अडीच महिन्यांनी बाळाचा फोटो आला. मुलगी झाली होती. सोबत तिचा आवाज: "अम्मा, दुवा, दुवा," आणि मागे बाळाचं रडणं. मी तो गॅलरीत उभी राहून दोनदा ऐकला. मग तोही पुसला आणि नंबर ब्लॉक केला.

सासूबाईंनी दिवस मोजले होते. मऊ झालेल्या सुती साडीचं दुपटं शिवून त्यांनी माझ्याकडे दिलं. डोळ्यांना दिसत नव्हतं, टाके वाकडे आले होते. "पोस्टानं पाठव गं तेवढं," म्हणाल्या. त्या स्वरात त्यांनी मला कधी काही सांगितलं नव्हतं. मी हो म्हणाले. ते दुपटं वर्षभर गाडीच्या डिकीत होतं. पुढे मी त्यानं काच पुसायला लागले.

त्या रोज विचारायच्या, मग आठवड्यानं, मग विचारेनाशा झाल्या. एकदा भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "शेवटी परकीच ती. जवळ असतं ते आपलं माणूस." आणि निवडलेली मेथी माझ्याकडे सरकवली. इतकी वर्षं मला जे हवं होतं, ते साधारण असंच काहीतरी होतं. मला आनंद झाला. तो मी लपवलाही नाही.

नंतर त्यांना विसर पडायला लागला, तेव्हा मी घाबरून तो नंबर अनब्लॉक केला आणि मेसेज पाठवला. तो गेलाच नाही. फोन लावला तर नंबर बंद होता.

गेल्या आठवड्यात खडकीहून त्यांची जुनी मैत्रीण भेटायला आली. मी सासूबाईंना आंघोळ घालून, वेणी घालून खुर्चीत बसवलं होतं. मैत्रिणीनं विचारलं, "सून करते ना सगळं?"

"सून कुठे इथे?" सासूबाई म्हणाल्या. "ती समुद्राकाठी असते. मुलगी झालीये तिला. फार मायेची पोर आहे."

"मग ही कोण?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "या बाई येतात सकाळी. काम स्वच्छ आहे. स्वभावानं तेवढ्या कोरड्या आहेत."

मुलगी झाल्याचं त्यांना कुणीही सांगितलेलं नव्हतं.

रात्री नवरा म्हणाला, "मनावर घेऊ नकोस. तिला काही कळत नाही आता."

मी नाही म्हणाले, नाही घेत. मग उठून त्यांच्या गोळ्या काढल्या, पाणी कोमट केलं आणि त्यांच्या खोलीत गेले. त्यांनी निमूटपणे तोंड उघडलं.