उतारावर बंद इंजिन

काल दुपारी महाडच्या न्यायालयाने पोलादपूरच्या एका जीपचालकाला एक वर्षाची कैद सुनावली. कापडे गावाजवळच्या उतारावर त्याच्या जीपखाली एक शेतकरी बाई मेली होती.

त्या जीपने मी अनेकदा गेलो आहे. डिझेल वाचावे म्हणून उतार लागला की तो इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलवर सोडायचा. एखादी म्हातारी विचारायची, “आवाज का थांबला रे?” मागे न बघता तो म्हणायचा, “इंजिनाला इसावा देतोय गो मावशे.” जीपभर हशा पिकायचा.

ब्रेक फेल झाला, हा बचाव न्यायालयाने फेटाळला. तरी शिक्षेआधी वकील तेच सांगून कैदेऐवजी दंड मागत होते. तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यातून तो मध्येच बोलला, “ब्रेक चांगला व्हता साहेब. मी इंजिन बंद केलेलं, म्हणून लागला नाय.” मेलेल्या बाईचा मुलगा मागच्या बाकावर बसला होता, त्याने मान वर केली.

शिक्षा सुनावल्यावर वकिलांनी अपिलासाठी जामीन मागितला. तो मंजूर झाला. गाडी चालवण्याचा परवाना रद्द करण्याबद्दल निकालात काही नाही.

आज सकाळी पोलादपूर स्टँडबाहेर त्याची जीप भरत होती. स्टेअरिंगवर तोच होता.