फुईची एकनळी

माझ्या फुईकडे, म्हणजे वडिलांच्या थोरल्या बहिणीकडे, एक एकनळी बंदूक होती, आणि तिला बंदूक म्हणावे की नाही याविषयी घरातल्या पुरुषांचे एकमत नव्हते. वडील तिला ‘म्हातारी’ म्हणत. फुईचा पुतण्या, म्हणजे तिच्या दिराचा मुलगा, तिला मुसळ म्हणे. एकोणीसशे साठच्या आसपास तापीकाठच्या आमच्या गुजर गावांत ज्याची केळी आणि ऊस होता त्याला रानडुकरांचा उपद्रव होता, आणि ज्याची ऐपत होती त्याने पीकरक्षणाचा परवाना काढून नवी दुनळी घेतली होती. ओट्यावरच्या खुंटीला निळसर चकाकणारी दुनळी टांगलेली दिसली की घराची पत वेगळी सांगावी लागत नसे. फुईची बंदूक खुंटीवर नव्हती. ती आतल्या खोलीत धान्याच्या कोठीमागे उभी असे.

मी ती प्रथम नीट पाहिली तेव्हा सुरतेच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकत होते आणि नाताळच्या सुट्टीत फुईकडे आले होते. प्रयोगशाळेतल्या कोणत्याही उपकरणाने तोवर मला इतके खिळवून ठेवले नव्हते. नव्या दुनळीप्रमाणे ती मधोमध मोडत नसे. घोड्याच्या, म्हणजे बोटाने ओढायच्या चापाच्या, मागे एक लांब दांडी होती. ती खाली ओढली की नळीच्या मागचा पोलादी ठोकळा आपले तोंड खाली घाली, नळीचे मागचे दार उघडे पडे आणि रिकामे काडतूस टपकन बाहेर फेकले जाई. दांडी वर केली की ठोकळा पुन्हा जागेवर बसे आणि त्याच हालचालीत बंदूक डागण्यासाठी सज्ज होई. उघडणे, रिकामे करणे, मिटणे, ताणणे: चार कामे आणि एकच दांडी. बाहेरून पाहता ना कुठे हातोडा, ना कुठे खिटी. स्प्रिंग आणि तिने पुढे फेकायची कांडी, दोन्ही त्या ठोकळ्याच्या पोटात लपलेली. फक्त उजव्या अंगाला थेंबाच्या आकाराचा एक लहानसा काटा होता. बंदूक सज्ज असली की तो तिरका होई, नसली की सरळ. ज्याने हे योजले त्याने एकही अनावश्यक भाग ठेवला नव्हता, हे मला पाहताक्षणी पटले.

मूळची ती पलटणीची रायफल असावी. अंगावर झिजलेला मुकुटाचा शिक्का होता. पुढे केव्हातरी कुणीतरी नळीच्या आतले, गोळीला फिरकी देणारे पेच घासून तिची साधी छऱ्यांची बंदूक केली होती. त्यामुळे ती धड रायफल राहिली नव्हती आणि शॉटगनवाल्यांच्या पंक्तीलाही तिला कोणी बसवत नव्हते. पण रिकामी नळी उजेडाकडे धरून मी आत पाहिले तेव्हा तोंडाजवळ जुन्या पेचांची पुसट वळणे अजून दिसत होती. बाकी नळी आरशासारखी स्वच्छ. म्हातारी ठरवण्याजोगे मला तिच्यात काही दिसेना.

अडचण खरी होती ती वेगळीच. ती उडत नसे. मागल्या वर्षी परवाना नवा करताना फौजदारांनी घोडा ओढून पाहिला होता आणि आतून नुसता ‘थप्’ असा आवाज आला होता. ‘निकामी’ असा शेरा मारून त्यांनी एका वर्षाची मुदत दिली. या खेपेला बंदूक चालली नाही तर ती ठाण्यात जमा व्हायची आणि फुईचा परवाना रद्द व्हायचा. पुतण्याने आपल्या नावावर दुनळीसाठी अर्ज आधीच केला होता. फुईला मूलबाळ नव्हते. फुवा, म्हणजे तिचे यजमान, गेल्यापासून ती शेत स्वतः पाहत होती, आणि तिने ते टिकवले ते तिन्हीसांजेला बंदूक घेऊन स्वतः मचाणावर बसण्याच्या बळावर. आमच्याकडे राखण ज्याची, शब्द त्याचा. कोणती केळी कापायची, पाणी कोणत्या वाफ्याला सोडायचे, हे राखणारा सांगतो. बंदूक पुतण्याच्या हाती गेली असती तर शेत कागदावर फुईचे राहिले असते आणि ती ओट्यावर बसून डाळ निवडत राहिली असती. हे ती जाणून होती आणि पुतण्याही जाणून होता. तो वाईट नव्हता. फक्त घाईत होता.

“काकू, डुकर हासतस तिले देखीसन,” तो जेवताना म्हणाला.

“हासू दे,” फुई म्हणाली. “हासता हासता पयतस तरी.”

“पन ती उडस कठे?”

“उडस. हिवाळामा मरी जास, उन्हाळामा जित्ती व्हस. मन्हा गुडघासारखी शे.”

सगळे हसले. मी हसले नाही, कारण माझा घास हातातच राहिला होता. मी फुईला खोदून खोदून विचारले. होय, चैत्र-वैशाखात ती दरवेळी उडते. होय, थंडीत ती दगा देते, त्यातही सकाळी अधिक. परवान्याची तपासणी असते नेमकी थंडीत. दुसऱ्या दिवशी मी रिकामी बंदूक सकाळी चालवून पाहिली: थप्. मग ती अंगणात उन्हात ठेवून फुईला तिच्याजवळ बसवले आणि दुपारी पुन्हा घोडा ओढला: खट्. आवाजातला फरक कानाला स्पष्ट कळत होता. मोडलेली किंवा थकलेली स्प्रिंग ऊन खाऊन तरुण होत नाही. तापमान वाढल्यावर ज्याचा विरोध एवढा घटतो असे काहीतरी त्या ठोकळ्याच्या पोटात आहे आणि ते पोलाद नाही, एवढे मी खात्रीने सांगू शकत होते. ते काय आहे हे मात्र मला सांगता येत नव्हते.

आम्ही बंदूक घेऊन नंदुरबारला गेलो. तिथे परवानाधारक बंदूक दुरुस्त करणारे एक मिस्त्री होते. ते स्वतःविषयी कमी बोलत नसत. सुरतेपासून धुळ्यापर्यंत आपल्या तोडीचा कारागीर नाही हे त्यांनी आम्ही बसण्याआधीच सांगून टाकले. पण त्यांच्या भिंतीवर कुणा जुन्या इनामदारासाठी बांधलेली एक रायफल टांगली होती, आणि ती पाहिल्यावर त्यांची बढाई मला अवाजवी वाटेना. जुनाट यंत्रणेवर त्यांनी नवा लाकडी दस्ता चढवला होता. लाकूड आणि लोखंड जिथे मिळत तिथे नख फिरवले तरी सांधा लागत नव्हता. मुठीवरची चौकटींची नक्षी इतकी सारखी होती की मी पट्टी मागितली. त्यांनी पट्टी दिली नाही.

त्यांनी फुईची बंदूक कानाशी धरून घोडा ओढला आणि निकाल दिला. “बेन, स्प्रिंग गयी. नवी बसाडनी पडी.”

“काका,” मी म्हटले, “मोडेल स्प्रिंग वैशाखमा बरी कशी व्हस?”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. “तू बी.एस्सी. करी ऱ्हायनी का वकिली?”

मी उन्हातला प्रयोग सांगितला. त्यांना तो पटला नाही, पण खोडूनही काढता येईना, आणि मला खोटे पाडण्याच्या उत्साहात त्यांनी ठोकळा लगेच उघडायला घेतला. त्याच्या पोटातून स्प्रिंग बाहेर आली ती केशरी रंगाच्या घट्ट लगद्यात पुरती बुडालेली. त्यांनी बोटाने थोडा लगदा काढला, हुंगला आणि डोळे मिटले.

“तूप,” ते म्हणाले.

तूप, हळद आणि कुंकू. खंडेनवमीला आमच्याकडे घरातली सगळी हत्यारे मांडून पूजतात. विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, आणि बंदूक असेल तर बंदूक. बाकीचे लोक बंदुकीला तेलाचे बोट लावतात. फुई साजूक तूप लावी, आणि ते त्या थेंबासारख्या काट्यावर लावी. काटा ज्या भोकातून बाहेर येतो त्याच भोकातून तूप वर्षानुवर्षे आत झिरपत गेले होते. उन्हाळ्यात ते पातळ होई आणि कांडीला वाट देई. थंडीत ते गोठे आणि कांडी चिखलात धावल्यासारखी धावे. काडतुसाच्या टोपीपर्यंत ती पोहोचे, पण ठोका देण्याइतके बळ तिच्यात उरत नसे.

“ही बंदूक शे का तूपनी बरणी?” मिस्त्री म्हणाले. “एवढामा मन्ही बायको गावले शिरा खावाडी.”

फुईला हसू आले नाही. “मी तिले तेल कसाले लावू?” ती हळू आवाजात म्हणाली. “त्यासनी बंदूक शे ती.” त्यासनी म्हणजे फुवांची. नवऱ्याचे नाव ती कधी घेत नसे. “आनि तो काटा माले डोया वाटे. म्हनून तठेच कुंकू लाये.”

  स्प्रिंग रॉकेलच्या वाटीत टाकत मिस्त्री म्हणाले, “डोयामा तूप घालं तर तिले दिसी कसं, बेन? आते मी लाकूडनं काम करस, तठे कुंकू लावत जा. लाकूड काही म्हनाव नही.”

लाकडाचे काम ठरलेले नव्हते. ते त्यांनी स्वतःच ठरवले, कारण फुईने बंदूक खांद्याला लावून दाखवली तेव्हा त्यांना ते पाहवेना. दस्ता पलटणीतल्या उंच शिपायासाठी घडवलेला होता. फुईला त्याच्याशी जुळवून घेताना मान पुढे ताणावी लागे. शिवाय आम्हा गुजर बायकांचा पदर उजव्या खांद्यावरून पुढे येतो. त्याच्या चुण्या नेमक्या दस्ता टेकतो तिथेच असतात, आणि दस्त्याची धारदार कड त्यांत अडके. मिस्त्रींनी आजवर पुरुषांचीच मापे घेतली होती. फुईला हात लावून माप घेणे त्यांना अवघड वाटले, म्हणून ते सांगत गेले आणि मी दोरी धरली. कोपराच्या आतल्या बाजूपासून बोटाच्या पेरापर्यंत, मग गालापासून खांद्यापर्यंत. पदराची जाडी वजा करायची हे माझे म्हणणे त्यांनी मान्य केले. कड गोल करायची हे त्यांचे स्वतःचे.

नवापूरच्या लाकूड डेपोतून केव्हातरी आणलेला शिसवाचा ओंडका त्यांच्या माळ्यावर सुकत पडला होता. धुतलेली जुनीच स्प्रिंग परत बसली, पण दस्त्यासाठी पुढचे काही दिवस मी रोज त्यांच्याकडे जात राहिले. लोखंड लाकडात बसवायची त्यांची रीत मला आजही मोजमापाची एक उत्तम रीत वाटते. लोखंडी भागाला ते दिव्याची काजळी धरीत आणि तो लाकडातल्या खाचेत दाबून उचलीत. जिथे काळा डाग उमटे तिथेच लाकूड लोखंडाला अडते, म्हणून तेवढेच तासायचे. पुन्हा काजळी, पुन्हा दाब, पुन्हा तासणे. हळूहळू डाग वाढत जातात, आणि सगळी खाच सारखी काळी झाली की काम संपले. डोळ्यांना न दिसणारी चूक दिसेल अशी व्यवस्था आधी करायची आणि मग ती दुरुस्त करायची, यापलीकडे आमच्या प्रयोगशाळेत तरी आम्ही दुसरे काय करतो? मी असे म्हटल्यावर ते खूश झाले आणि दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले की सुरतेचे कॉलेज आपल्याकडे शिकायला येते.

तपासणीच्या सकाळी चांगलीच थंडी होती. फौजदारांच्या कचेरीच्या मागे मोकळ्या जागेत मातीचा उंच बांध होता. परवानेवाले आपापल्या बंदुका घेऊन उभे होते आणि बायकांत आम्ही दोघीच. पुतण्याही आपल्या अर्जाची चौकशी करायला आला होता. फौजदारांनी फुईची बंदूक ओळखली. “हीच ना ती?” ते म्हणाले. मग त्यांचे लक्ष नव्या दस्त्याकडे गेले. त्यांनी दांडी ओढली, ठोकळा खाली गेला. दांडी मिटली, ठोकळा वर आला. ते पुन्हा ओढू लागले. त्यांनी ते इतक्या वेळा केले की मागचे लोक कुरकुरले. त्या यंत्रणेचा हा गुण आहे. ती हातात आली की माणसाला खाली ठेववत नाही.

“कोण चालवणार?” त्यांनी विचारले आणि पुतण्याकडे पाहिले.

पुतण्याने माझ्याकडे पाहिले. फुईने कोणाकडेच पाहिले नाही. तिने पदर सारखा केला, काडतूस भरले, दांडी मिटली आणि दस्ता खांद्याला लावला. मान ताणली नाही. माझ्या अनुमानात एखादी चूक राहिली असेल तर ती आता, या थंडीत, तिच्या खांद्यावर उघडी पडणार होती, आणि मोल तिला द्यावे लागणार होते. एवढे भय मला कोणत्याही परीक्षेत वाटले नाही.

आवाज कचेरीच्या भिंतींवर आदळून परत आला. बांधाची माती उडाली. फौजदारांनी दुसरे काडतूस भरायला सांगितले, तेही उडाले. त्यांनी मागल्या वर्षीचा शेरा खोडला, शेजारी सही केली आणि परवाना फुईच्या नावावर पुढे चालू केला.

परत जाताना बैलगाडीत पुतण्या आमच्याबरोबर होता. गाव दिसू लागल्यावर म्हणाला, “काकू, मंग मी काय करू?”

“मचाणवर बठ मन्हासंगे,” फुई म्हणाली. “डुकर उनात का तू डबा वाजाड.”

“डबा?”

“बंदूक सगयास्ले येस. डबा नीट वाजाडता येस का तुले, ते देखू.”

तो चिडला असे मला वाटले होते. पण ऊस गाळपाला जाईपर्यंत तो रोज तिन्हीसांजेला तेलाचा रिकामा डबा घेऊन तिच्याबरोबर गेला. कोणती केळी कापायची हे तो तिला विचारी, आणि ती बंदूक मांडीवर आडवी ठेवून त्याला सांगे.