हळद लागलेली अकरा कार्डं

हसायचं असेल तं हसा, पण आधी हातातले कप खाली ठेवा. सहाचा सेट आहे, फुटला तं माझी पंचाईत होईल. अन् ज्या किश्शापायी हा सेट घरात आला, तोच सांगून राहिलो. माझ्या हातून जो घोळ झाला ना, तसा पांढुर्ण्यात आजपावेतो कोणी केला नसेल, अन् पुढंही कोणी करू नये बाप्पा!

ऐंशीच्या मागंपुढंची गोष्ट. मी पांढुर्ण्यात एका छापखान्यात होतो. कारकून म्हणा, प्रुफं तपासणारा म्हणा, सकाळी झाडू मारणारा म्हणा, सारं मीच. लग्नाच्या पत्रिका, तेरवीची कार्डं, बिलबुकं, जे म्हणाल ते आमच्याकडं छापून मिळे.

वय चौतीस. लग्न? अहो, दुसऱ्यांची लग्नं छापता छापता माझंच राहून गेलं! आई होती तोवर ती चार जणींना सांगून ठेवत असे. ती गेली, अन् तो विषयही तिच्यासोबतच गेला. स्टेशनाकडं भाड्याची खोली होती. सकाळी स्टोव्ह पेटवायचा, वरणभात टाकायचा, खायचा, भांडं घासायचं. रविवारी छापखाना बंद राहायचा, तरी मी किल्ली घेऊन जाऊन बसत असे. खोलीत बसून करू काय? छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे तरी होते, जागेवर लावत बसायला.

आमचे शेठजी माणूस वाईट नव्हते, पण उधारीनं वैतागले होते. अन् वैतागणार नाही तं काय? लग्न ठरलं की लोक पत्रिकेसाठी सकाळपासून दारात. लग्न लागलं की छापखान्याची गल्लीच विसरत! एक दिवशी शेठजींनी टेबलावर वही आपटली.

"का बे वसंता, अकरा जणाची उधारी तशीच पडली. तू काय करून राहिला?"

"चिठ्ठ्या पाठवल्या ना जी."

"चिठ्ठ्या! तुह्या चिठ्ठीनं एक रुपया आला का आजपावेतो? सोमवारपावेतो अकराही जणाचं निपटव. नाही निपटलं तं दुसरं काम पाहून घे!"

दुसरं काम कुठं पाहू हो? पोट काय, कुठंही भरलं असतं. पण त्या गावात मला नावानं हाक मारणारी एकच जागा होती, ती म्हणजे हा छापखाना. सकाळी "आला का वसंता?" असं विचारणारंच कोणी राहिलं नाही, तं माणसानं उठायचं तरी काहून? मी खरंच घाबरलो.

बसलो कार्डं लिहायला. पंधरा पैशाचं पोस्टकार्ड. आता उधारी मागायचं कार्ड लिहिणं म्हणजे लय नाजूक काम असते बरं! कार्ड उघडं. आधी डाकवाला वाचणार, मंग चौकातल्या चार जणांना ऐकवणार, अन् मंग ज्याचं त्याला देणार. त्यावर 'पैसे' लिहिलं की माणसाची गावात इज्जत गेली. अन् इज्जत घालवल्यावर तो पैसे कशाला देईल? उलट गल्ली बदलेल! म्हणून माझा नियम ठरलेला. पैसे हा शब्दच लिहायचा नाही. वाचून माणसाला आपोआप आठवण झाली पाहिजे.

अन् गोड भाषा मला येत होती कोणती? दहा वर्षं जिची प्रुफं तपासली तीच! लग्नपत्रिकेची! मी लिहिलं:

"सप्रेम नमस्कार वि. वि. आपल्या कृपेने येथील सर्व क्षेम. बरेच दिवसांपासून राहून गेलेले कार्य आता आपल्या हातून पार पडावे, अशी मनापासून इच्छा आहे. तरी येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता छापखान्यावर अगत्य येण्याचे करावे. आपली वाट पाहतो. लोभ असावा. आपला नम्र, वसंत."

वाचून मीच गहिवरलो. म्हणलं, असं कार्ड मला आलं असतं तं मी कर्ज काढून उधारी फेडली असती!

त्या दिवशी बाजार होता. हळद घेतली, तिखट घेतलं, आठवड्याची डाळ घेतली. कार्डांचा गठ्ठा सुतळीनं बांधून त्याच पिशवीत. डाकपेटीपाशी गठ्ठा काढतो तं काय? हळदीची पुडी फुटलेली, तिखटाचीही फुटलेली, अन् अकराही कार्डांचे कोपरे पिवळे, त्यावर लाल बोटं! झटकली, फुंकर मारली, सात वेळा शिंकलो. पुन्हा लिहायची म्हणजे एक रुपया पासष्ट पैसे, तेही माझ्या खिशातून. जाऊ दे म्हणलं, अन् दिली टाकून.

आता तुम्ही म्हणाल, अरे येड्या, हळदकुंकू लागलेलं कार्ड घरी आलं म्हणजे काय समजतात, हे तुला माहीत नव्हतं? माहीत कसं नाही! छापलेल्या पत्रिकांना हळदीचं पहिलं बोट मीच लावून देत असे. पण ती हळद लोकांच्या लग्नाची. ही माझ्या वरणाची होती! माझ्या पिशवीतल्या हळदीचा लग्नाशी काही संबंध येईल, हे मला सपनातही आलं नाही.

उजाडला रविवार. दाढी केली, धुतलेला पांढरा सदरा घातला. देणेकऱ्यांसमोर जरा नीट दिसावं, एवढाच हेतू. पावतीबुक काढलं, पेनात शाई भरली अन् टेबलाशी बसलो.

पहिल्या आल्या पार्वताबाई. नदीपलीकडच्या सावरगावच्या. दोन वर्षांमागं पोराच्या लग्नाची पत्रिका छापून नेली होती, ती गोष्ट तिथंच राहिली. अंगावर नवं लुगडं, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी.

"आली बापा वसंता! बेस केलं!"

"तुम्ही आल्या हेच बेस झालं काकू. मला वाटलं, विसरल्या असाल."

"विसरीन कशी? तुह्यी माय असती आज, तं..." अन् पदरानं डोळे पुसले. मंग पुढं होऊन मला कुंकवाचा टिळा लावला अन् डोक्यावर हात ठेवला.

उधारी द्यायला आलेली बाई टिळा काहून लावते, हे मी विचारायला पाहिजे होतं का नाही? पाहिजे होतं! पण आई गेल्यापासून चार वर्षांत माझ्या डोक्यावर कोणी हात ठेवला नव्हता हो. हात इतक्यात काढू नये, असं वाटून राहिलं होतं.

त्यांनी हळूच विचारलं, "सावरगावची तं नाही ना रे? पांढुर्ण्याच्या पोरानं सावरगावची केली का गोटे चालतात, माहीत आहे ना?"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन्ही काठांवरून दगडगोटे चालतात, ते अशाच एका पळवलेल्या पोरीच्या जुन्या भांडणापायी, असं आमच्याकडं सांगतात. पण माझ्या डोक्यात उधारीची यादी! म्हणलं, "सावरगावची एकच आहे काकू. बाकीच्या सौंसर, तिगाव, सगळ्या बाजूच्या."

"बाकीच्या? अरे, किती आहेत?"

"अकरा."

पार्वताबाई बाकड्यावर बसल्या, त्या लवकर उठल्याच नाहीत.

तेवढ्यात सौंसरच्या बसनं मास्तर आले. शाळेतून रिटायर झालेले. पोरीच्या लग्नाची पत्रिका आमच्याकडं छापली होती. पोरगी सासरी गेली, बायको आधीच गेलेली, म्हणजे तेही माझ्यासारखेच एकटे. एका हातात संत्र्यांची टोपली, बगलेत पुठ्ठ्याचा खोका.

"वसंतराव, अभिनंदन! फार आनंद झाला. पण तुमचं कुंकू काय झोंबरं हो! कार्ड वाचता वाचता डोळ्यांतून पाणी. मी आधी समजलो, आनंदाचंच आहे."

"कोणतं कुंकू मास्तर?"

"हे काय!" त्यांनी खिशातून कार्ड काढलं. पिवळा कोपरा, त्यावर लाल बोट.

अरे देवा! तेव्हा डोक्यात उजेड पडला. टिळा, नवं लुगडं, खोका! "मास्तर, ते तिखट आहे," असं म्हणायला तोंड उघडलं, अन् गल्लीच्या तोंडाशी ढोल वाजला.

तिगावचे हरिभाऊ! बँडपार्टीची पत्रकं छापून नेली होती, पैसे दिले नव्हते. सकाळच्या गाडीनं चार वाजंत्री घेऊन आले होते. लांबूनच ओरडले, "वसंताभाऊ, पैशाचं नंतर पाहू! तुह्या लग्नात फुकट वाजवतो!" अन् लागले की वाजवायला! गल्लीतली पोरं नाचू लागली. मागून एकेक करता अकराही घरची माणसं आली, बायकापोरांसकट. कोणी ताट, कोणी भातवरणाचा गंज, कोणी भिंतीवरचं घड्याळ. माझ्या टेबलावर पावतीबुक दिसेनासं झालं.

सांगायला पाहिजे होतं मी. एका वाक्याचं काम होतं! आता सांगतो, मंग सांगतो, करता करता अर्धा तास गेला. खरं विचाराल तं सांगावंसंच वाटेना. इतकी माणसं माझ्यासाठी म्हणून कधी जमली होती? वाजू दे थोडं, म्हणलं.

मंग वरच्या मजल्यावरून शेठजी उतरले, बनियनवरच.

"कोनाचं लगन आहे बे?"

हरिभाऊ म्हणाले, "काय शेठजी, आपल्याच वसंताचं ना जी!"

मला वाटलं, आता हाणतात. पण शेठजींचा चेहरा पडला. "दहा वर्सं झाले माह्या इथं," ते म्हणाले, "साऱ्या जिल्ह्याले कार्ड, अन् मले नाही?" तेवढं बोलून वर तोंड करून ओरडले, "अवो, आयकता का? वसंताचं लगन आहे! शिरा टाका मोठ्या गंजात!"

आता मात्र सहन होईना. मी म्हणलं, "शेठजी, हे लगन नाही."

"मंग काय आहे?"

"वसुली आहे जी."

बँड थांबला. ढोलवाल्याला ऐकू गेलं नव्हतं, तो एकटाच दोन ठोके जास्तीचे वाजवून गप झाला. पार्वताबाई म्हणाल्या, "म्हणजे अकरा नवऱ्या नाहीत?"

मी सारं सांगितलं. सोमवारचं, हळदीचं, तिखटाचं. कोणी हसेना, हेच वाईट. हसले असते तं बरं झालं असतं. मास्तरांनी कार्ड पुन्हा वाचलं अन् म्हणाले, "पण यात पैसे कुठं लिहिले आहेत?"

"कार्ड उघडं असते ना जी. गावात तुमचं नाव खराब झालं असतं."

मास्तरांनी कार्ड जपून खिशात ठेवलं. मंग पाकीट काढून म्हणाले, "माझे किती?" त्यांच्या मागं बाकीच्यांनीही खिशात हात घातले. ज्याच्याजवळ नव्हते, त्यानं सोमवारी आणून दिले. बँडवाल्याचं देणं शेठजींनी वाजवण्यात कापलं. नोकरी वाचली! शिऱ्याचे पैसे मात्र माझ्या पगारातून गेले.

आहेर घेऊन जा म्हणलं, तं कोणी हात लावेना. पार्वताबाई म्हणाल्या, "आहेर कोनी वापस नेते का रे? ठेव. लगन तुह्याकडं बाकी राहिलं असं समजू."

संध्याकाळी सारं सामान खोलीवर आणलं. सात ताटं, दोन गंज, घड्याळ, अन् मास्तरांच्या खोक्यातला हा कपबशांचा सेट. सातातलं एक ताट घेतलं अन् जेवायला बसलो. हळद तं कार्डांवर गेली होती, म्हणून वरण पांढरंच होतं. कानात बँड वाजून राहिला होता. आई गेली तेव्हाही इतकं एकटं वाटलं नव्हतं हो.

अन् दोन महिन्यांनी माझ्या नावानं एक कार्ड आलं. माझ्या नावानं! सौंसरहून. वर लिहिलं होतं, 'स्मरणपत्र पहिले'. खाली माझंच वाक्य, जसंच्या तसं: "बरेच दिवसांपासून राहून गेलेले कार्य आता आपल्या हातून पार पडावे, अशी मनापासून इच्छा आहे."

मी उत्तर टाकलं, "थोडी मुदत मिळावी."

मंग सहा महिन्यांनी दुसरं आलं. तिसरं आलं. मास्तर मोठे चिकाटीचे! मी दर वेळी मुदत मागायचो, अन् मनातल्या मनात म्हणायचो, बरं आहे, आता सहा महिन्यांनी पुन्हा एक येईल. खरं सांगू? कोणी एखाद्या मुलीचं नाव काढलं तरी मी काहीतरी खोट काढत असे. लग्न झालं असतं तं कार्डं बंद झाली असती ना! आहे का नाही अक्कल?

एकोणिसाव्या कार्डावर अक्षर हललेलं होतं. लिहिलं होतं, "मुदत संपत आली. तुमची नव्हे, माझी." तरीही कोपऱ्याला हळद लावली होती. त्यानंतर आलं नाही.

तं असा मी! अकरा जणांची उधारी एका रविवारी वसूल केली, अन् मास्तरांची मात्र शेवटपावेतो बुडवली. घ्या, घ्या, चहा थंड होऊन राहिला. सहाही कप एकदम निघाले, असं आजच होऊन राहिलं. पण सांभाळून प्या बरं, माझे नाहीत ते. उधारीवर आहेत.