नुसता सेकंड

क्लेमेंटआजोबा ओट्यावर मेंडोलिन वाजवत होते. दोन सूर, मग थांबा, पुन्हा दोन सूर. मला वाटलं, तारा जुळवतायत.

"सगळ्यांना तसंच वाटतं," एलिसा म्हणाली. ती त्यांची नात, माझी कॉलेजची मैत्रीण. "आजोबा सेकंड वाजवतात."

सेकंड म्हणजे मुख्य चालीखालची साथ. चाल वाजवायचे हरेश्वरकाका, व्हायोलिनवर. ते खाडीकडचे, भातशेतीवाले. आजोबांची सांडोरला केळीची वाडी. डेरिक गिटारवर, आत्माराम बेंजोवर. चौघांपैकी कुणीच रीतसर शिकलेलं नव्हतं. दिवसभर शेतात-वाडीत राबायचं आणि संध्याकाळी या ओट्यावर बसायचं. लग्नात वाजवायचे ते पैसे न घेता, नुसत्या जेवणावर.

इथे लग्नाच्या आदल्या दिवशी घरच्या बायका वाजतगाजत विहिरीवरून पाणी आणतात. त्या वाटेसाठी चौघांनी स्वतःची एक चाल बसवली होती. ती दुसरीकडे कुठेच वाजवायची नाही, असं ठरलेलं. पुढे डीजे आले. डेरिक कॅनडाला गेला, तिकडेच वारला. मग आत्माराम. शेवटी हरेश्वरकाका.

एलिसाचं लग्न ठरलं तेव्हा आजोबांनी एकच गोष्ट मागितली. विहिरीच्या वाटेवर ती चाल हवी. एलिसा लगेच हो म्हणाली. चर्चच्या कॉयरमधला एक व्हायोलिनवाला तयारही झाला. फक्त चाल ऐकवा, म्हणाला.

आजोबांनी गुणगुणून पाहिलं. चार पावलांवर ते आपल्याच सेकंडवर घसरले. पुन्हा सुरुवात, पुन्हा तेच.

"मी ती कधी ऐकलीच नाही, आर्या," ते मला म्हणाले. "मी तिच्याखाली वाजवत होतो."

एलिसाच्या लुसीआजींना ती चाल आठवत होती. पण त्यांची चाल मध्येच चर्चमधल्या गाण्यात शिरायची. शेजारच्या फ्लॉसीआंटींची तिसरीच निघाली. दोघींचं त्यावरून थोडं वाजलंही. हरेश्वरकाकांच्या घरी विचारलं. व्हायोलिन होतं, चाल कुणालाच येत नव्हती.

मग एलिसाच्या आईवडिलांच्या लग्नाची कॅसेट निघाली. ती पेनड्राइव्हवर करून घेतली. आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो. विहिरीची वाट आली. पुढे चौघे, मागे बायका. हरेश्वरकाकांचा व्हायोलिनवरचा गज वरखाली होत होता. आणि आवाज येत होता हिंदी सिनेमातल्या गाण्याचा. व्हिडिओवाल्याने हौसेने सबंध कॅसेटवर गाणी चढवली होती.



आजोबांनी टीव्हीचा आवाज बंद करायला लावला. मेंडोलिन मांडीवर घेतली. पडद्यावरच्या गजाकडे बघत ते वाजवू लागले. कुठे शिरायचं, कुठे थांबायचं, सगळं त्या गजावरून. एका ठिकाणी हरेश्वरकाका मान वळवून हसले.

"इथे मी चुकलो होतो," आजोबा म्हणाले. या वेळी ते चुकले नाहीत. काका तरीही हसले.

 

आजोबांनी मेंडोलिन पिशवीत घातली. डीजे बोलवा म्हणाले.

"तुम्ही वाजवा ना," एलिसा म्हणाली.

"नुसता सेकंड? नवऱ्याशिवाय वरात काढतेस?"

"लोकांना वाटेल तुम्ही तारा जुळवताय. वाटू दे. मी तशीच जाणार."

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही निघालो. आजोबा पुढे, इस्त्रीच्या शर्टात. मागे कळशी घेतलेली एलिसा, लुसीआजी, फ्लॉसीआंटी, आणखी काही म्हाताऱ्या, मग आम्ही मुली. दोन सूर, थांबा, दोन सूर. कोपऱ्यावरची मुलं बघत राहिली. एकाने विचारलंच, गाणं कधी सुरू होणार.

केळींच्या वळणावर म्हाताऱ्या एकदम थांबल्या. सगळ्या एकाच वेळी. मी लुसीआजींच्या पाठीवर आदळले.

"काय झालं?"

"इथे थांबायचं असतं," त्या म्हणाल्या. "हरेश्वर इथे सूर लांब ओढतो."

आजोबांनी मागे वळून पाहिलं. मग त्यांनी पुढचे सूर छेडले आणि म्हाताऱ्यांचे पाय पुन्हा उचलले गेले. पुढे एका जागी त्या भरभर चालल्या, एका जागी हळू. गुणगुणायला कुणालाच जमलं नव्हतं. आम्ही मुली त्यांच्या पायांकडे बघत चालू लागलो.

विहिरीवर कळशी भरली. आजोबांनी शेवटचे दोन सूर वाजवले आणि हात तारांवर ठेवला.

कळशी कुणी उचलली नाही. एलिसा वाकली, तर फ्लॉसीआंटींनी तिचा हात धरला. लुसीआजी विहिरीच्या कठड्याकडे बघत होत्या. आजोबांनी मान थोडी उजवीकडे कलवली होती. व्हिडिओत त्या बाजूला हरेश्वरकाका चालत होते.

शेवट सेकंडचा नव्हता. अजून एक सूर बाकी होता, व्हायोलिनचा. जो मी कधीच ऐकला नव्हता, त्याची मीही वाट बघत उभी राहिले.

मग आजोबांनी मान हलवली. लुसीआजींनी कळशी एलिसाच्या डोक्यावर ठेवली.