दसऱ्याला बंद राहिलेला जनरेटर

दसऱ्याच्या दिवशी मी श्रीखंडाला हात लावत नाही. बायकोला वाटतं, शुगरमुळे. खरं कारण तिला ठाऊक नाही, मुलीला नाही, आणि ज्याला ते सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून – की हीसुद्धा भित्र्या माणसाचीच रीत? असेल.

डोंबिवली पूर्वेला आमची सात मजल्यांची सोसायटी आहे. कोलशेतच्या एका कारखान्यात विजेच्या मेंटेनन्सला मी तीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यापासून सोसायटीत साधा फ्यूज उडाला तरी लोक माझ्याकडे यायचे, आणि मला ते आवडायचं. फारच आवडायचं. मी चष्मा पुसायचो, जरा वेळ घ्यायचो आणि मग निकाल द्यायचो. आता ते आठवलं की स्वतःचीच किळस येते.

पाचव्या मजल्यावर विनायक राहतो. कारखान्यात आम्ही एकाच खात्यात होतो, इथे घरंही एकाच वर्षी घेतली. त्याची बायको, सुमनवहिनी, फुप्फुसाच्या आजाराने ऑक्सिजनवर होत्या. विजेवर चालणारं मशीन दिवसभर त्यांच्या पलंगाशेजारी घरघरत असायचं. लाइट गेली तर आधार म्हणून हॉलच्या कोपऱ्यात एक सिलिंडर उभं असायचं. वहिनींना ते अजिबात आवडत नसे. घरात येणाऱ्याची नजर आधी त्याच्यावर जाते आणि मग माझ्यावर, असं त्या म्हणायच्या.

सोसायटीचा जनरेटर तेव्हा हाताने चालू करावा लागायचा. वॉचमनने खाली जायचं, इंजिन चालू करायचं, मग मोठा खटका ओढायचा – पाच-सात मिनिटं सहज जायची. कमिटीने ऑटोमॅटिक पॅनल बसवायचं ठरवलं. लाइट गेली की ते स्वतःच जनरेटर चालू करणार, आली की स्वतःच बंद करणार. निवड अर्थातच माझ्यावर सोपवली. मी वागळे इस्टेटमधली वर्कशॉप्स पालथी घातली, दारं उघडून वायरिंग बघितलं, कारागिरांना नको नको ते प्रश्न विचारले. शेवटी दोन पॅनल्स उरली. दोन्ही चांगलीच होती. फरक एवढाच, की एकाला भोंगा होता. पॅनलवरचं बटण कुणी ‘ऑटो’वरून हलवून तसंच सोडलं, तर तो वाजत राहायचा.

आमच्या बिल्डिंगचं विजेचं काम बाळाराम म्हात्रे बघायचा. जवळच्या दिवा गावचा माणूस, पन्नाशीचा, कमी बोलणारा. कमिटीच्या बैठकीत तो दाराशी उभा होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं, तरी तो म्हणाला, “भोंगावाला घ्या, साहेब. मानूस इसरतो.”

आता सांगा, यात काय चुकलं होतं त्याचं? पण मी निवडलेलं पॅनल दुसरं होतं, आणि चार लोकांसमोर एक वायरमन मला शिकवत होता. मी म्हणालो, “जे विसरतात त्यांच्यासाठी असतो तो भोंगा, बाळाराम.” लोक हसले. बाळारामही थोडा हसला. बिनभोंग्याचं पॅनल आलं.

ते खरंच छान चालायचं. लाइट गेली की दहा सेकंदांत जनरेटर घुमायला लागायचा. विनायकच्या घराला जनरेटरची वेगळी लाइन मीच भांडून मिळवून दिली. पॅनलच्या खोलीच्या दोनच किल्ल्या ठेवल्या, एक माझ्याकडे आणि एक बाळारामकडे, कारण वॉचमन लोकांनी उगाच हात लावलेला मला चालणार नव्हता. आणि एक दिवस विनायकला म्हणालो, ते सिलिंडर आता परत पाठव, कशाला वहिनींच्या डोळ्यांसमोर ठेवतोस? तो जरा घुटमळला. मी पैजेवर सांगितलं. त्याने पाठवलं. वहिनींनी त्या कोपऱ्यात मनीप्लँटची कुंडी ठेवली आणि मला मुद्दाम वर बोलावून दाखवली.

मग दसरा आला. आम्ही सोसायटीत खंडेनवमीची पूजा दसऱ्यालाच उरकतो – लिफ्ट, पंप, जनरेटर, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचे हार. जनरेटरभोवती बायका ताट घेऊन उभ्या, पोरं इंजिनाला हात लावतायत. तेवढ्यात लाइट गेली आणि ते धाडकन सुरू झालं तर? म्हणून मी पॅनलचं बटण ‘ऑफ’वर केलं. बरोबरच केलं. आरती झाली, मी पॅनलला हार घातला, त्याने नेमकं बटण झाकलं गेलं. कुणीतरी पेढा हातात दिला, कुणीतरी फोटोसाठी हाक मारली. मी बाहेर आलो. बाळाराम मागे थांबून ताटं, समई आवरत होता. मग त्याने कुलूप लावलं आणि तो सणाला घरी दिव्याला गेला.

दुपारी श्रीखंड-पुरी जेवून मी आडवा झालो होतो. पंखा थांबला तेव्हा जाग आली. माझ्या घराला जनरेटरची लाइन नाही, त्यामुळे मी घाम पुसत तसाच पडून राहिलो. किती वेळ? खरं सांगतो, मला माहीत नाही. खालून जनरेटरचा आवाज येत नाहीये, हे माझ्या लक्षात यायच्या आधी फोन वाजला. विनायक होता. “सुधीर, तुझा जनरेटर कुठाय रे?” एवढंच म्हणाला, आणि मागे वहिनींचा श्वास मला ऐकू येत होता.

मी अनवाणी धावलो. कुलूप उघडलं, हार बाजूला केला. बटण ‘ऑफ’वर. मी ते फिरवलं. दहा सेकंदांत जनरेटर सुरू झाला, अगदी मी सगळ्यांना सांगायचो तसा. खोलीत मी एकटाच होतो.

वहिनींना हॉस्पिटलमध्ये नेलं. नवव्या दिवशी त्या गेल्या. डॉक्टर म्हणाले, त्यांची तब्येत तशी उतरणीलाच होती. मी ते वाक्य किती वर्षं चघळलं असेल! पण त्या दुपारी त्यांना श्वास मिळाला नाही आणि त्यानंतर त्या उठून बसल्या नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तेरावं झाल्यावर कमिटी बसली. पॅनल का चाललं नाही? मी म्हणालो, बटण ऑफवर होतं. तेवढं खरं सांगितलं. मग प्रश्न आला, ऑफवर केलं कुणी, आणि ठेवलं कुणी? किल्ल्या दोनच. बाळाराम दाराशी उभा होता, त्याच जागी. तो म्हणाला, “पूजेला साहेबांनीच बंद केलेलं. मंग मी हात लावलेला नाय. इचारा त्यांना.”

सगळे माझ्याकडे वळले. विनायकही वळला. त्याची दाढी वाढलेली होती. एवढंच म्हणायचं होतं ना, की हो, मीच विसरलो? तीन शब्द. पण मी विनायककडे बघितलं आणि म्हणालो, “मी ऑटोवर करूनच बाहेर आलो होतो. नंतर आवराआवर बाळारामनेच केली.”

बाळाराम माझ्याकडे बघत राहिला – रागाने नाही, मला नीट पाहून घेत असल्यासारखा. मग त्याने किल्ली टेबलावर ठेवली आणि गेला. आसपासच्या पाच-सहा बिल्डिंगांची कामं त्याच्याकडे होती. महिन्याभरात तीही सुटली. अशी गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. त्या पॅनलला नंतर भोंगा बसवला. सूचना माझी. सेक्रेटरीने सभेत माझे आभार मानले आणि मी ते घेतले.

एकदा मी दिव्याला गेलो होतो, बाळारामचं घर विचारत विचारत. गल्लीत नळावर हंड्यांची रांग होती. त्यात त्याची बायको उभी होती. पूजेला यायची म्हणून ओळखत होतो. तिने मला पाहिलं नाही. मी परत फिरलो.

विनायक आणि मी रोज संध्याकाळी गच्चीवर बसतो. इतकी वर्षं बसतो. तो सगळ्यांना सांगतो, सुधीर अनवाणी धावला म्हणून निदान नऊ दिवस तरी मिळाले. मागच्या आठवड्यात तो म्हणाला, “बाळारामला मी केव्हाच माफ केलं रे. स्वतःला मात्र करता येत नाही. सिलिंडर मी परत पाठवलं. माझ्या हाताने.” आणि सत्तरीचा माणूस माझ्यासमोर रडायला लागला.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणालो, असा त्रास करून घेऊ नकोस. जरा वेळाने त्याने डोळे पुसले, माझा हात दाबला आणि म्हणाला, तू आहेस म्हणून बरं. मग आम्ही खाली उतरलो.