दोन बोटांची जागा

केडगावच्या आमच्या गल्लीत वैशाख लागला, की गयाकाकू जुन्या लुगड्याच्या पट्ट्या कमरेला खोचून घराबाहेर पडायच्या. वादळात मोडू नयेत म्हणून घरोघरची कोवळी झाडं बांबूला बांधून द्यायच्या. आधी खोड धरून हलवायच्या आणि झाडालाच विचारायच्या, "बघू, किती डुलतंस?" गाठ मारून झाली की खोड आणि पट्टी यांच्यामध्ये दोन बोटं घालून पाहायच्या. ती सहज गेली नाहीत, तर गाठ सोडून पुन्हा पहिल्यापासून.

राहुरीकडच्या एका रोपवाटिकेत त्यांनी हयातभर कलमं बांधली होती. नवरा गेल्यावर आमच्या शेजारच्या प्लॉटवर येऊन एकट्याच राहू लागल्या. एकदा मी आमचा पेरू नायलॉनच्या दोरीनं करकचून बांधला, तर पलीकडून आवाज आला, "सुधीर, फाशी देतो का रं त्याला? झाडाला धरायचं, आवळायचं न्हाई. डुललं तरच खोड जाड व्हतं."

आमच्या दोन घरांमध्ये त्यांनी शेवरीच्या उंच झुडपांची दाट रांग लावली होती. तिच्या आडोशाला त्यांचा केशर आंबा. काम सुटायच्या आधी बांधलेलं ते शेवटचं कलम. "बाकीची समदी लोकांच्या बागंत गेली. ह्ये एक माझं," असं म्हणायच्या.

मी नवी गाडी घेतली. शेवरीचा पाला तिच्यावर पडायला लागला. मोजणी केली, तर शेवरी माझ्या हद्दीत निघाली. ती तोडून मी सात फुटी भिंत घालायचं ठरवलं. काकू आल्या, पण भांडल्या नाहीत.

"भिंतीनं वारा थांबत न्हाई रं. त्यो वरनं उडी मारतो अन् पलीकडं आदळतो. शेवरीतनं वारा गाळून येतो. तोडायचीच आसंल, तर भिंतीत एकाआड एक वीट तरी मोकळी ठिव."

"काकू, भोकाभोकांची भिंत बांधली, तर गवंडीसुद्धा हसेल मला."

"हसू दे की. गवंड्याच्या दारात आंबा हाय का?"

मी भिंत सलग बांधली.

पुढच्या वैशाखात आंबा पहिल्यांदाच भरपूर लागला. काकू बहिणीकडे राहुरीला गेल्या होत्या, त्याच दुपारी वादळ आलं. मी खिडकीतून पाहत होतो. भिंतीपलीकडे आंब्याचा शेंडा गरगर फिरला आणि झाड मोडलं. पाऊस थांबल्यावर मी गेलो. कैऱ्या चिखलात पसरल्या होत्या. बांबू ताठ उभा होता, पट्टी जागेवर होती. खोड तिच्या वर पिळवटून मोडलं होतं.

काकूंना ते पाहवणार नाही, असं बायकोला सांगून मी करवत आणली. खोड बुंध्याशी कापलं, फांद्या टाकून दिल्या, गाठ न सोडता बांबूही पट्टीतून ओढून काढला. पट्टी असलेला खोडाचा वीतभर तुकडा मात्र घरी नेला.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या आणि बुंध्याजवळ बसल्या. "बांधनं सुटलं हुतं का रं?"

"हो काकू," मी म्हणालो. "गाठ सैल पडली होती."

त्यांनी आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. "आसंल. थरथरत्यात आता." भिंतीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

त्यानंतर त्यांनी एकही झाड बांधलं नाही. कुणी बोलवायला आलं, की म्हणायच्या, "नगं गं, माझ्या हाताचा भरवसा न्हाई ऱ्हायला." पट्ट्यांचं गाठोडं त्यांनी माझ्याच बायकोला आणून दिलं. मी तिथेच चहा पीत बसलो होतो.

थंडीत त्यांनी अंथरूण धरलं. मी रोज डबा घेऊन जायचो. आज सांगायचंच, असं रोज ठरवून जायचो. एकदा त्यांनीच विचारलं, "सुधीर, कशी मारली आसंल रं मी ती गाठ?"

मी म्हणालो, "काकू, आधी दोन घास खाऊन घ्या."

त्या आठवड्यात त्या गेल्या.

आता गल्लीतली झाडं मी बांधतो. भिंतीच्या वरच्या विटाही एकाआड एक काढून टाकल्या. पलीकडे वाचवण्यासारखं आता काही नाही. दर वैशाखात, पहिलं झाड बांधायच्या आधी, माळ्यावरून तो तुकडा खाली काढतो. लुगड्याचा रंग उडाला आहे. गाठ त्यांनी मारली तशीच आहे. आणि खोड नि पट्टी यांच्यामध्ये दोन बोटं अगदी सहज जातात.