आई येतायत, गोळ्या बंद

जनरल प्रॅक्टिसमध्ये किस्से आपोआप साठतात. फ्रिजमधल्या चटणीच्या वाट्यांसारखे, टाकवत नाहीत आणि एकटीने संपतही नाहीत. आज बसलोच आहोत गप्पांना, तर थोडे वाढून टाकते.

माझं क्लिनिक सिंगापुरात जुरोंग ईस्टला, एका ब्लॉकच्या तळमजल्यावर. आत मी आणि बाहेर काउंटरवर लिम आंटी. पाटीवर खोकला, ताप, लसीकरण असं सगळं लिहिलंय. पण डॉक्टर मराठी आहे हे कळल्यापासून वुडलँड्सपासून बुकित तिमाहपर्यंतची आपली मंडळी येतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं दुखणं खोकल्याच्या आसपासही नसतं. मन बरं नाही असं मात्र आपल्यात कोणी म्हणत नाही. पोट म्हणतील, पाठ म्हणतील, अगदीच झालं तर 'बी ट्वेल्व्ह कमी झालं असेल' म्हणतील. मग मला प्रश्न फिरवून फिरवून विचारावे लागतात.

नावं अर्थातच बदलली आहेत. ज्या जोडप्याचं मी जास्त सांगणार आहे, त्यांनी स्वतःहून परवानगी दिली आहे. नवरोबांची अट एकच होती, त्यांना बारीक दाखवायचं. तर ते बारीक आहेत.

* * *

आधी वुडलँड्सचे परांजपे. नैराश्य होतं, औषध सुरू होतं, पण अधूनमधून एखादी सकाळ अशी यायची की अंथरुणातून उठवायचं नाही. मी एमसी द्यायचे, म्हणजे आजारपणाच्या रजेचं सर्टिफिकेट. एमसीवर कारण लिहायचं नसतं, पण ऑफिसात लोक विचारतातच. परांजपे सांगायचे, फूड पॉइझनिंग. आपल्याकडे हा फार प्रतिष्ठित आजार आहे. कोणी नावं ठेवत नाही, उलट ताक पाठवतात.

परांजप्यांचं फूड पॉइझनिंग वरचेवर व्हायला लागलं तेव्हा सहकाऱ्यांनी डोकं चालवलं. हा माणूस रोज खातो कुठे? तर ऑफिसखालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, एका अंकलकडे, प्राटा, इथला पराठा. झालं, अख्ख्या मजल्याने अंकलकडे जाणं बंद केलं.

अंकल बिचारे परांजप्यांनाच विचारायला लागले की तुझे मित्र हल्ली दिसत नाहीत, काय झालं? परांजप्यांना इतकं अपराधी वाटलं की ते एकटे सगळ्यांच्या वाटणीचे प्राटे खायला लागले. माझ्याकडे आले ते कोलेस्टेरॉल घेऊन.

शेवटी अंकलला वाचवण्यासाठी ते बॉसच्या केबिनमध्ये गेले आणि खरं काय ते सांगून टाकलं. मी विचारलं, "मग? बॉस काय म्हणाला?"

"उठून दार लावलं, आणि म्हणाला, डॉक्टरचा नंबर दे."

* * *

आता आमचे बारीक गृहस्थ, सुहास. बँकेत आयटीत मॅनेजर. छातीत धडधड होते म्हणून आले. हृदयाच्या सगळ्या तपासण्या दोन ठिकाणी करून झाल्या होत्या आणि दोन्हीकडे हृदय उत्तम निघालं होतं. याचा त्यांना थोडा रागच आला होता. घड्याळाने मोजलेले ठोके त्यांनी लॅपटॉपवर आलेख काढून आणले होते, रंगीत. दर सोमवारी संध्याकाळी एक सुळका वर जायचा.

"मूळ कारण मी शोधलंय," ते म्हणाले. "मीटिंग रूममधली खुर्ची. तिच्यात बसलं की पाठीचा कणा दबतो. मी खुर्ची बदलून घेतली, तरी फरक नाही. म्हणजे आता टेबल."

मी विचारलं, त्या खुर्चीत बसल्यावर समोर कोण असतं? तर समोरच्या स्क्रीनवर लंडनचे साहेब असतात, आणि ते दर सोमवारी या टीममधली कोणती माणसं कमी करता येतील ते विचारतात. आणि इथे नोकरी गेली की राहण्याचा पास जातो, पास गेला की घर आवरायचं, मुलीची शाळा सोडायची.

"पण त्याचा काय संबंध?" सुहास म्हणाले.

संबंध पटायला दोन-तीन भेटी लागल्या. गोळी सुरू केली, श्वासाचे व्यायाम दिले आणि रोज एक आवडीची गोष्ट करायला सांगितली. पुढच्या वेळी त्यांनी त्याचा प्रोजेक्ट प्लॅन आणला. सोमवारी बासरी, मंगळवारी पोहणं, बुधवारी आढावा. बासरी मागे पडली म्हणून त्यांना पुन्हा धडधडत होतं.

जाताना दारात थांबून म्हणाले, "मृणालला कळता कामा नये. तिला वाटतं मी खंबीर आहे. तिला धक्का बसेल."

* * *

मृणाल त्यांची बायको. त्यानंतर थोड्याच दिवसांत, एका शनिवारी, ती आली. दोघं एका घरातले आहेत हे मला पत्त्यावरून कळलं आणि मी चेहरा दगडासारखा ठेवला. तिची तक्रार पाठदुखीची होती.

मी विचारलं, झोप कशी आहे? म्हणाली, यांची छान आहे. भूक? मुलीला अजिबात लागत नाही. मन रमतं का? तर सासूबाईंचं चिंचवडला एकटीने रमत नाही, सासरे गेल्यापासून. माझा प्रत्येक प्रश्न ही बाई पोस्टमनसारखी घरातल्या दुसऱ्याच माणसाला नेऊन देत होती.

शेवटी मी म्हटलं, "घरात सगळ्यांचं कळलं. आता रडतं कोण ते सांगा."

ती थोडा वेळ पर्सच्या चेनशी खेळत राहिली. मग म्हणाली, "मी. पण आंघोळीच्या वेळी. म्हणजे कोणाचा खोळंबा होत नाही."

इतकी वर्षं हे काम करते, पण ते वाक्य मी केसपेपरवर जसंच्या तसं लिहून घेतलं. चाळिशीची बाई, चांगली नोकरी सोडून नवऱ्यामागे इथे आलेली, आणि रडायचं तरी कोणाची गैरसोय न करता. तिलाही औषध सुरू केलं, समुपदेशकाकडे पाठवलं. गोळी योगायोगाने तीच, जी सुहासना होती. दोघंही काउंटरवर पाकिटावरचं नावाचं लेबल फाडून, नुसती पट्टी खिशात घालून जायचे. लिम आंटी दर वेळी माझ्याकडे बघायच्या आणि मी छताकडे.

जाताना मृणाल दारात थांबली. "सुहासला कळू देऊ नका. तो खंबीर आहे, पण त्याला धक्का बसेल."

एकाचं दुसऱ्याला सांगणं माझ्या धर्मात बसत नाही. दर भेटीला मी दोघांनाही आडून सुचवायचे की घरी बोलून बघा. दोघंही माझ्याकडे कीव केल्यासारखे बघायचे.

* * *

हळूहळू दोघंही सुधारले. सुहास सोमवारच्या मीटिंगमध्ये चक्क जांभई देऊन आले. मृणालची आंघोळ लवकर आटपायला लागली. आणि नेमकी दिवाळी तोंडावर आली.

आमच्या प्रॅक्टिसमध्ये हा एक मोसमच असतो. गावाकडून आईवडील यायचे ठरलं की घर बदलतं. फ्रिजमधली कोळंबी संपवली जाते, बिअर शेजाऱ्याकडे जाते, देवांना नवी वस्त्रं येतात, आणि मनाच्या गोळ्या बंद होतात. "आई येतायत ना, त्या जाईपर्यंत नको." जसं काही आजारालाही सांगून ठेवलंय की पाहुणे आहेत, जरा नंतर ये.

एकाच आठवड्यात दोघंही हेच सांगून गेले. मला खरंच भीती वाटली. आत्ता कुठे दोघांचं बरं चाललं होतं. मध्येच गोळी तोडली असती तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि तेही दोघांचं एकाच वेळी, एकाच घरात. मी दोघांनाही वेगवेगळं बजावलं, की हवं तर लपवा, पण एकही दिवस चुकवायची नाही.

पुढच्या वेळी सुहास विजयी चेहऱ्याने आले. "जागा सापडली. लग्नात मिळालेला चकलीचा सोऱ्या आहे, किचनच्या सगळ्यात वरच्या कपाटात, खोक्यात. त्याच्या नळीत ठेवतो. आम्ही चकली विकत आणतो, मृणाल त्याला हात लावत नाही."

शनिवारी मृणाल आली. "एक सोऱ्या आहे बघा, त्याच्या चकत्यांची डबी. सुहासला सोऱ्या म्हणजे काय तेही माहीत नसेल."

मी दोघांनाही म्हटलं, "दुसरी एखादी जागा बघता का?" दोघांनीही तेच उत्तर दिलं. याहून सुरक्षित जागा सिंगापुरात नाही.

* * *

आई आल्या. नलिनीताई, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. आल्या दिवसापासून एकच धोशा, भाऊबीज झाली की मी परत जाणार. मुलगा म्हणाला नाताळपर्यंत राहा, सून म्हणाली राहा, नात म्हणाली, "आज्जी, स्टे लाह!" पण तिकीट बदलायचं नाही म्हणजे नाही. सुहासना वाटलं, आई माझ्यावर नाराज आहे. मृणालला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. दोघांनी मला वेगवेगळे फोन केले. मी म्हटलं, गोळी घेताय ना? दोघंही म्हणाले, घेतोय.

दिवाळीच्या आदल्या शनिवारी दुपारी तिघंही क्लिनिकमध्ये. आईंचे गुडघे दुखत होते आणि दोघांनाही सोबत यायचंच होतं. मी काचेतून पाहिलं आणि माझाच बीपी वाढला.

लिम आंटींनी मान वर केली, दोघांकडे पाहिलं आणि या ब्लॉकच्या इतिहासातला सर्वोत्तम अभिनय केला. "फर्स्ट टाइम अह?"

"येस," दोघं एकदम म्हणाले.

आत मी गुडघे तपासले. नलिनीताईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, की आपल्याकडची औषधं इथे मिळतात का हो? सुहास आणि मृणाल दोघंही पुढे सरसावले, आई, कसली औषधं? त्या म्हणाल्या, काही नाही, आपलं बीपीचं. मग विषय फराळावर गेला. मी मूळची सांगलीची म्हटल्यावर त्यांनी विचारलं, फराळातलं काय आवडतं तुम्हाला? मला सोऱ्या आठवत होता. मी तोलून मापून म्हटलं, "चिवडा."

लिम आंटींना आमच्या बोलण्यातलं चिवडा तेवढं कळलं, काउंटरवरून म्हणाल्या, "आय लाइक मुरुक्कू."

"म्हणजे चकली ना?" नलिनीताई उठल्याच. "भाजणी आणलीये मी. आत्ता करते. दोघीही चला, गरम खा."

क्लिनिक बंदच व्हायचं होतं. नाही म्हणायला मी तोंड उघडलं, तर मागून दोन चेहरे माझ्याकडे असे विनवून बघत होते की मी पर्स उचलली.

* * *

त्यांचा काँडो, म्हणजे सोसायटीतला फ्लॅट, दोन सिग्नल पलीकडे. घरात शिरल्या शिरल्या नलिनीताईंनी गॅसवर पाणी ठेवलं, भाजणीची पिशवी काढली आणि विचारलं, "सोऱ्या कुठाय गं?"

"मी काढतो," सुहास म्हणाले.

"मी काढते," मृणाल म्हणाली.

दोघंही एकाच स्टुलाकडे धावले. सोऱ्या म्हणजे काय हे माहीत नसलेला माणूस नेमका त्याच कपाटाशी पोचला. खोकं दोघांच्या हातात आलं. एकाने सोडलं असतं तरी निभावलं असतं. पण दोघांनीही ओढलं.

खोकं फरशीवर पडलं. नळी गडगडत डायनिंग टेबलाखाली गेली आणि तिच्यातून एक पट्टी सरकत बाहेर आली. चकत्यांची डबी उघडली आणि तिच्यातून दुसरी.

दोघंही एकदम खाली वाकले आणि एकदमच म्हणाले, "माझ्या आहेत."

मग त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मी लग्न झालेल्या माणसांना एकमेकांकडे असं बघताना फार कमी पाहिलंय. मृणालने तोंडावर हात धरला. सुहासचे डोळे भरले, आणि ते तसेच फरशीवर बसले. लिम आंटींनी हळूच गॅस बंद केला.

नलिनीताईंनी चष्मा लावला. गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या, एक पट्टी उचलली, खिडकीपाशी नेली आणि मागची बारीक अक्षरं सावकाश वाचली. दुसरीही वाचली. आम्ही चौघंही श्वास धरून उभे, म्हणजे सुहास बसलेले.

"हीच," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे पट्टी हिरवी येते. भाऊबीजेपर्यंतच पुरतील एवढ्या आणल्यात मी."

त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला.

"सुहास, माझं तिकीट पुढे ढकल रे. इथे साठा चांगला दिसतोय."